तळहातावरचा डाव

सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात माझे वडील नागपूरच्या इस्पितळात होते. शेजारच्या खाटेवर पक्षाघात झालेले एक गृहस्थ होते. त्यांची वाचा गेली होती, उजवा हात लुळा पडला होता. त्यांना काही समजतं की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

त्यांची धाकटी बहीण रोज सावनेरहून एसटीने यायची आणि खाटेवर बुद्धिबळाचा पट मांडायची. दोन्ही बाजूंनी तीच खेळायची. भाऊ नुसता बघायचा.

जेवणाचं ताट आलं की पट उचलावा लागे. तेव्हा ती पेनने तळहातावर आठ बारीक ओळी लिहून घ्यायची आणि ताट गेल्यावर डाव होता तसा मांडायची. एवढ्याशा जागेत अख्खा पट मावतो कसा? शेवटी मी विचारलंच.

"रिकामी घरं एकेक काहून लिहाची, भाऊ? सलग चार रिकामी असली का नुसता चार लिहाचा. मोहऱ्याचं पहिलं अक्षर टाकाचं, काळं असन तर खाली रेघ. झालं!"

एका दुपारी घामाने त्यातली एक ओळ फिसकटली. तिने अंदाजाने प्यादं ठेवलं. भावाचा डावा हात हळूहळू उठला आणि त्याने ते प्यादं शेजारच्या घरात सरकवलं.

ती पटाकडे बघतच राहिली. "हो गा दादा, इथंच होतं."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, डॉक्टरले बलावून आणा न. माह्या दादाले सारं समजून राहिलं."

मी डॉक्टरांना घेऊन आलो, तेव्हा तिने नवा डाव मांडला होता आणि पांढरी मोहरी भावाकडे दिली होती.