दोन कांचनांतला एक

थोरलीचा हात आधी चालायचा, तोंड मागून. इस्पितळाच्या धुलाईखान्यात मुकादमाने एकदा तिच्या पाठीवर हात ठेवला, तर तिने पिळलेल्या ओल्या चादरीचा असा तडाखा दिला की त्याचा दातच पडला. तेव्हापासून तिच्या वाटेला कोणी जात नसे. अपवाद एकच, तिची धाकटी जाऊ.

दोघींचं घर एक, अंगण एक, आणि अंगणात जागा एकाच झाडापुरती. कांचन लावायचा यावर एकमत होतं. कुठला, यावरून जुंपली. धाकटीला वसंतात फुलणारा हवा होता.

"अंगावर पान नाही, नुसती फुलंच फुलं! बघत राहावं."

"आणि गळलेली पानं झाडणार कोण? तुझा बाप?"

अंगण थोरलीच झाडायची. तिला थंडीच्या तोंडावर, भरल्या पानांत फुलणारा हवा होता. शेवटी तिचंच चाललं.

रोपवाटिकेतला माळी म्हणाला, "दिसायला सारखेच. पान मधोमध चिरलेलं असतं. थंडीवाल्याची चीर जरा खोल." थोरलीने निरखून एक रोप निवडलं आणि ती कामावर पळाली. रोप घरी आणलं धाकटीने.

चौथ्या वर्षी थंडी सरता सरता झाड पार बोडकं झालं. थोरली रोज टोपल्या भरभरून पानं उचलत होती आणि दातओठ खात होती. मग एका सकाळी उघड्या फांद्यांवर जांभळी फुलं उमलली.

"बघा जाऊबाई, माझाच आला!" धाकटी टाळ्या पिटत हसली.

"रोप बदललंस तू. सटवे, माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीस!"

थोरलीने कुऱ्हाड आणली. पहिल्या घावाला साल उडाली, दुसऱ्याला पांढरं लाकूड उघडं पडलं. धाकटी धावत आली आणि तिने खोडालाच मिठी मारली. तिसरा घाव थोरलीला आवरता आला नाही. तो धाकटीच्या हातावर बसला.

रक्ताची चिळकांडी थोरलीच्या तोंडावर उडाली. तिने कामावर जायला चढवलेला एप्रन फाडून जखम करकचून बांधली आणि जावेला पाठुंगळी घेऊन रस्ता गाठला. इस्पितळात धाकटीने सांगितलं, "झाड तोडताना माझाच हात मध्ये आला." दुसऱ्या दिवशी धाकटीच्या वॉर्डाच्या रक्ताळलेल्या चादरी धुवायला थोरलीच्याच यंत्रावर आल्या.

खरं कळल्यावर दिराने, धाकटीच्या नवऱ्याने, करवतीने झाड आडवं केलं. मग थोरलीच्या कानाखाली असा जाळ काढला की ती भिंतीवर आदळली. आयुष्यात पहिल्यांदा तिने हात उचलला नाही.

माळ्याला जाब विचारायला गेली, तर तो म्हणाला, "बाई, कोवळ्या रोपाचं पान फसवतं. फूल येईपर्यंत मलाही खात्री नसते. माझ्याकडेच रोपं मिसळली असतील."

धाकटीची दोन बोटं पुन्हा वळली नाहीत. तिला वेणी घालता येईना, म्हणून रोज सकाळी थोरली कंगवा घेऊन तिच्या मागे बसू लागली.

"हळू ओढा," एकदा धाकटी म्हणाली. मग थांबून, "हात उगारायच्या आधी एकदा विचारायचं होतंत."

"तेच मला कधी जमलं नाही गं," थोरली म्हणाली, आणि गुंता हलक्या बोटांनी सोडवायला लागली.