सासऱ्यांची मोटार आणि माझा इंग्रजीचा तास

माझ्या सासऱ्यांची विहिरीवरची मोटार माझ्या इंग्रजीने जळाली.

त्या दिवशी मामा, म्हणजे माझे सासरे, कऱ्हाटीला लग्नाला निघाले आणि सांगवीचं शेत माझ्यावर सोपवून गेले. "पाहुणं, कालच कांदा लावलाय. लाईट चारपर्यंत हाय. बटण दाबा, वाफं भिजवा, बास." मी इंदापूरला शाळेत इंग्रजी शिकवतो, तेव्हा बटण दाबण्याइतकी अक्कल मला असणार, असा त्यांचा समज होता.

बटण दाबलं. मोटार बोलू लागली, पण पाइपातून थेंब येईना. ऊन चढत होतं, रोपं माना टाकत होती. मामांना काय तोंड दाखवू? शेवटी मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, नामदेव वायरमनला फोन लावून माझ्या हातात दिला. हा माणूस फोनवर नुसता आवाज ऐकून मोटारीचं दुखणं ओळखतो. तोही मोटारीचा नव्हे, मालकाने तोंडाने काढलेला!

"सर, आवाज काढून दावा."

आली का पंचाईत! समोर मामी उभ्या, पलीकडे भांगलणाऱ्या चार बायका खुरपी थांबवून उभ्या. सासुरवाडीत जावयाने तोंडाने मोटार चालवायची?

"इंग्रजीत याला 'हम' म्हणतात," मी म्हणालो.

"पर आवाज काढा की."

"अहो, तो शब्दच आवाजावरून आलाय. मधमाशी करते ते हम. ओठ मिटून गाणं गुणगुणलं तरी हम. बाजार गजबजला तरी..." (घाम फुटला की मी जास्तच शिकवतो.)

"घरघर हाय का खडखड?"

"दोन्ही नाही. त्यातला 'म' कसा लांबतो, तसं."

"पाणी येतंय का?"

"थेंबभरही नाही."

"मोटार बंद केलीया न्हवं?"

"छे, चालूच आहे. नीट ऐकून सांगतोय ना तुम्हाला."

पलीकडून नामदेव "बंद करा आदी!" असा ओरडला, की बायकांनाही ऐकू गेलं. मी धावलो. तोवर मोटारीने धूर सोडून स्वतःच तोंड मिटलं होतं.

नामदेव आला, वास घेतला आणि मान हलवली. विजेच्या तीनपैकी एक फेज गेला होता. अशा वेळी मोटार नुसती घुमत बसते, पाणी उचलत नाही, आणि चालू ठेवली की जळते. आता ती बारामतीला दुरुस्तीला न्यावी लागणार होती, आणि रोपं काही तोवर थांबणार नव्हती.

जावयाला बोलायचं नसतं म्हणून मामी बोलल्या नाहीत. शेजाऱ्यांच्या हौदाकडे बोट दाखवून त्यांनी माझ्यापुढे दोन कळशा ठेवल्या.

विसाव्या खेपेला कमरेतून कळ निघाली. दात-ओठ आवळून मी 'हुंऽऽ हुंऽऽ' करत बांधावरून निघालो होतो. मोटार गाडीवर बांधता बांधता नामदेवने कान दिला.

"मामी, जावईबापूंना खाली बसवा," तो गंभीरपणे म्हणाला. "ह्यांचाबी एक फेज गेलाय."