गंगासागरबाईंनी वेगळे काढलेले कोळी

वडवणीच्या पेठेत शाम्पूच्या पुड्या नुकत्याच माळांनी लटकू लागल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. गंगासागरबाईंच्या घरात पुढं किराणा दुकान आणि मागं सुनेचे कोळी. सून ईश्वरी प्राणिशास्त्र शिकलेली. बाभळीवर एकत्र जाळं करून राहणाऱ्या कोळ्यांची पिलं ती बिस्किटांच्या रिकाम्या बरण्यांत वाढवायची. त्यांत नर किती निघतात, माद्या किती, एवढं मोजलं की तिचा प्रबंध होणार होता. सासरे कल्याणरावांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. नंतर गुमान गल्ल्यावर बसायचं.

बाईंना हे सगळे नसते थेर वाटायचे. कपाळाला विभूती लावता लावता त्या करवादायच्या, "जाळी झाडायची सोडून पाळायलेत लोक!" पण ईश्वरी पंचमीला माहेरी गेली, तेव्हा बरण्या त्यांनीच सांभाळल्या. गुळाच्या ढेपेवरच्या माश्या फडक्यात धरायच्या, आत सोडायच्या आणि दोन्ही कानांना हात लावून महादेवाची माफी मागायच्या. माणूस असो की किडामुंगी, घरात कुणी उपाशी राहिलेलं त्यांना खपत नसे.

ईश्वरी परतली. पिलं आता वाढून ओळखू येण्याजोगी झाली होती. तिनं एकेक बरणी निरखून पाहिली. जिकडंतिकडं धष्टपुष्ट माद्या. नर थोडेच आणि अंगानं बारके असतात हे तिला ठाऊक होतं, पण एकही नसावा? असली मोजणी कोण खरी मानणार? पुन्हा पिलं वाढवायची तर दिवाळी कधीच उलटून जाणार. ती तशीच सासूकडं गेली.

"आत्याबाई, संपलं सगळं. बारके कोळी एकबी राहिले न्हाईत."

"बारके व्हय?" बाई उठल्या आणि फडताळातून लोणच्याची धुतलेली बरणी घेऊन आल्या. "हे बघ की. लई हडकले होते. कडंला उगंच बसायचे, खायाला म्होरं येईनात. म्हनून आलगद काढून येगळे ठिवले. एकबी सांडला न्हाई."

ईश्वरीनं बरणी उजेडात धरली. सगळे नर, सगळे जिवंत! तिचा जीव भांड्यात पडला. हसता हसता तिचे डोळे वाहू लागले.

"पन आत्याबाई, नेमके नरच कसे काढले तुमी?"

"नर?" बाई बघतच राहिल्या. "आगं, मला वाटलं पोरी हायत. भाऊ जेवून उठंस्तोवर आमी बहिनी अशाच बसायचो की कडंला."