शाईने लिहायची कच्ची वही

फखरुन्निसा आपांना वाटू लागलं होतं की आपल्याला विसर पडायला लागला आहे. काल संध्याकाळपासून दोन मजले खाली राहणाऱ्या आनंदीला ह्याच एका गोष्टीची काळजी लागून राहिली होती. पोळ्या लाटताना, शाळेचे गणवेश इस्त्री करताना, फरवानियाच्या बाजारात भेंडी निवडताना ती काळजी पाठ सोडत नव्हती. बावन्न वर्षांची, चांगली तल्लख बाई आपलं डोकं दगा देतंय असं धरून बसली होती. ते डोकं शाबूत आहे, हे साऱ्या कुवेतमध्ये एकट्या आनंदीला ठाऊक होतं.

आपा मूळच्या श्रीवर्धनच्या. वडील बोटीवर नोकरीला, वर्षातून दोन महिने घरी. त्यांनी थोरल्या मुलीला मुंबईला वसतिगृहात ठेवून एम.एस्सी. केलं, तेव्हा मोहल्ल्यातल्या बायका आईला विचारायच्या, ‘पोरगी बाटल्यांत काय ढवळते एवढं?’ लग्न नझीरभाईंशी झालं. नझीरभाई कुवेतमध्ये शुवेखला मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात होते. आखाती युद्ध संपल्यावर दुकान पुन्हा उघडलं आणि ब्याण्णव साली त्यांनी आपांना बोलावून घेतलं. महिन्याभरात त्या कॅथलिक सिस्टरांनी चालवलेल्या मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायला लागल्या.

शिकवायला लागल्या, पण कशाने? प्रयोगशाळेच्या कपाटांत धुळीखेरीज काही उरलं नव्हतं. पहिल्या सुट्टीत आपांनी मुंबईहून दोन ब्युरेट आणल्या, काचेच्या लांब नळ्या, नझीरभाईंच्या लुंग्यांत गुंडाळून. विमानतळावरच्या माणसाने एक नळी उजेडात धरून विचारलं, हुक्क्याची का? ‘शाळेची,’ आपा अरबीत म्हणाल्या आणि तिथेच पाण्याची बाटली उघडून नळी थेंब थेंब कशी गळते ते त्याला करून दाखवलं. मागे रांग खोळंबली होती. त्या ब्युरेट अजून चालू होत्या. तेरा वर्षांत प्रयोगशाळेतलं रबरी बूचसुद्धा हरवलं नव्हतं.

दोन हजार साली मुख्याध्यापिका सिस्टर लुर्दिना परदेशातली कॅथलिक हायस्कुलं पाहून आल्या. तिकडे अकरावी-बारावीच्या मुलींना शाळेतच कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा एखादा विषय शिकवतात, आणि मुलगी कॉलेजात जाते ती तो विषय पदरात पाडूनच. आपल्या मुलींनाही हे मिळावं, असं सिस्टरांनी मनावर घेतलं. तिकडचं एक कॉलेज ह्यासाठी तयार झालं. अटी तीन होत्या. शिकवणारी बाई एम.एस्सी. हवी. परीक्षेचे पेपर सीलबंद जाणार. आणि मुलीची प्रयोगाची कच्ची वही, जशी असेल तशी, कुरियरने जाणार.

शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी माना खाली घातल्या. ‘बोर्डाची परीक्षा पुरे नाही का, सिस्टर?’ कोणीतरी पुटपुटलं. आपांनी हात वर केला. मग सहा महिने त्या स्वतःच विद्यार्थिनी झाल्या. कॉलेजातून येणाऱ्या चाचण्या जेवणाच्या टेबलावर वेळ लावून सोडवायच्या. नझीरभाई घड्याळ धरून बसायचे आणि वेळ संपली की खरोखर कागद ओढून घ्यायचे.

कच्च्या वहीचा नियम आपांनी दरवर्षी पालकांच्या सभेत सांगितला. वही शाईने लिहायची. चुकलं तर एक रेघ मारायची, खोडायचं नाही, पान फाडायचं नाही. ‘डाग पडू द्या, आकडे चुकू द्या. ते चुकलेले आकडेच त्यांना बघायचे आहेत.’ यंदाच्या सभेत आनंदी दुसऱ्या रांगेत बसली होती. तिने ऐकलं होतं. पण सभेत शिक्षक असं काहीबाही बोलतातच, असं तिला वाटलं.

कारण आनंदीने साताऱ्याला बी.एस्सी. करताना जर्नल लिहिलं होतं. कच्च्या कागदावर आकडे घ्यायचे, ते नीट बसवायचे, मग पक्क्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवायचे आणि कच्चा कागद टाकून द्यायचा. तिच्या वर्गातल्या साऱ्या मुली हेच करायच्या. डिसेंबरात तिच्या मुलीची, प्राचीची, कच्ची वही तिच्या हाती लागली. पानापानांवर जांभळे डाग, सहा ठिकाणी रेघा, एका कोपऱ्यात ‘पुन्हा जास्त पडलं, शी!’ असं लिहिलेलं. हे परक्या कॉलेजात जाणार? तिने दोन दिवस मागे लागून प्राचीकडून सगळं नव्या वहीत उतरवून घेतलं, वर तपकिरी कागदाचं कव्हर घातलं. जुनी वही शुक्रवारच्या झाडलोटीत रद्दीबरोबर इमारतीच्या कचऱ्याच्या नळात गेली. पाचव्या मजल्यावरून खाली पडल्याचा आवाजही तिने ऐकला.

जानेवारीत वह्या जमा झाल्या आणि प्राची विचारू लागली, ‘आई, माझी ओल्ड लॅब बुक कुठाय?’

‘शाळेतच दिली असशील,’ आनंदी म्हणाली. का म्हणाली ते तिलाही सांगता आलं नसतं. तोंडातून निघून गेलं. प्राचीला ते पटलं, आणि शाळेत तिने छातीठोकपणे सांगितलं की दोन्ही वह्या दिल्या होत्या. आपांनी नवी वही कॉलेजला पाठवायला नकार दिला. प्राचीच्या नावापुढे ‘अपूर्ण’ असा शेरा पडला.

खालच्या मजल्यावरचे तुळशीदास हे एसीच्या कंपनीत फोरमन, मालवणचे. त्यांची स्वरा प्राचीच्याच वर्गात. त्यांनी पालकांच्या वतीने आपांविरुद्ध तक्रार लिहिली आणि आनंदीला सहीला बोलावलं.

‘वहिनी, पहिली सही तुमची. वही तुमच्या मुलीची हरवली.’

‘स्वराचं काय हरवलं, भाऊजी?’

‘हरवलं कायएक नाय. पण सत्तर दिले तिका! सत्तर! आमच्या घराण्यात कोणाक सत्तर पडले नाय.’

‘खरं आहा,’ त्यांची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘तुमका तर चाळीसाच्या वर कधी गेले नाय.’

सगळे हसले. आनंदीही हसली, आणि त्या हसण्यात सही करून मोकळी झाली. बाईंच्या हलगर्जीपणामुळे विद्यार्थिनीची वही गहाळ झाली, असं त्या कागदावर इंग्रजीत स्वच्छ टाइप केलेलं होतं.

तिला वाटलं होतं आपा भांडतील. चार उलटे शब्द ऐकवतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. आपांनी तीन दिवस शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेतली कपाटं रिकामी केली. शिपाई रफीकला घेऊन गाळणकागदांचे गठ्ठे मोजले, सिंकखाली हात घालून पाहिलं. वही मिळाली नाही. मिळणार कुठून!

गुरुवारी संध्याकाळी आपा सातव्या मजल्यावरून उतरून आनंदीच्या दारात उभ्या राहिल्या. हातात सांदणांची थाळी, वर रुमाल.

‘या ना आपा, बसा.’

‘बसत नाही वहिनी. प्राची आहे का?’ प्राची बाहेर आली. आपांनी थाळी तिच्याच हातात दिली. ‘बेटा, वही माझ्याकडूनच कुठे गेली असेल. तू दिली म्हणतेस म्हणजे दिलीस. मी कॉलेजला तसं कळवते. तुझं वर्ष वाया जाऊ देणार नाही.’

‘इट्स ओके, मिस,’ प्राची थाळीकडे बघत म्हणाली.

आपा वळल्या, पण गेल्या नाहीत. दाराच्या कडीशी चाळा करत राहिल्या. ‘वहिनी, परवा चावी फ्रिजवर ठेवली आणि सगळं घर शोधलं. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी ती मला ओळखत नव्हती. म्हणायची, ही मास्तरीण कोण आली?’ त्या जराशा हसल्या. ‘शनिवारी सिस्टरना पत्र देते आहे. कॉलेजचा वर्ग दुसऱ्या कोणाला द्या म्हणून. तिथे माझी चूक पोरींना भोवेल.’

‘अहो आपा, चावी काय, सगळेच विसरतात!’

‘चावी विसरतात. दुसऱ्याच्या पोरीची वही नाही विसरत, वहिनी.’

दार लागल्यावर प्राची थाळी टेबलावर ठेवून तशीच उभी राहिली. ‘आई, मिसने एकदासुद्धा मला विचारलं नाही, तू लाय करतेस का म्हणून.’

शुक्रवारी जेवणं आटोपल्यावर आनंदीने थाळी घासली, पुसली. रिकामी परत द्यायची नाही म्हणून तीत नारळाच्या वड्या ठेवल्या आणि दोन मजले चढायला निघाली. एक मजला चढून ती थांबली. वर जाऊन सांगितलं तर काय होईल ते तिला स्पष्ट दिसलं. आपा पाणी देतील, पाठीवर हात ठेवतील, म्हणतील, जाऊ द्या वहिनी, पोरीला कळायला नको. आणि आनंदीची अब्रू झाकण्यासाठी ते पत्र शनिवारी देऊनही टाकतील. इतक्या वर्षांच्या शेजारात आपांना तिने एवढं तरी ओळखलं होतं. सांगायचं तर अशा ठिकाणी, जिथून ते परत घेता येणार नाही.

ती खाली आली. दुपारचे दोन वाजत होते. इथे सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे चर्चमधली रविवारची प्रार्थनाही शुक्रवारीच; ती आटोपून सिस्टर चर्चमधून परतल्या असतील. प्राचीच्या शाळेच्या डायरीत पहिल्याच पानावर कॉन्व्हेंटचा नंबर होता.

‘प्राची, इकडे ये. माझ्याजवळ बस.’

‘व्हॉट हॅपन्ड?’

‘सिस्टर लुर्दिनांना फोन करते आहे. तुझ्या वहीचं काय झालं ते सांगायला.’ प्राचीने मान वर केली. आनंदीने डायरी मांडीवर उघडी धरली आणि रिसीव्हर उचलला. ‘तूही आत्ताच ऐक. दोनदा सांगायचं बळ माझ्यात नाही.’