बाल्कनीतलं रॉकेट

एकदा बोलायला लागलो की मला थांबता येत नाही. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्याचा हा परिणाम. घंटा झाली की मी गप्प व्हायचो, आणि निवृत्तीनंतर घंटा द्यायला कुणी उरलं नाही. घरी बायको आहे, पण ती सरळ भांडी आपटते.

मोडनिंबजवळच्या एका गावात माझा जुना विद्यार्थी सरपंच झाला. दहावीच्या वर्षी मी त्याला आठवडाभर बाकावर उभं केलं होतं. त्यानं मला गावच्या स्वच्छता मोहिमेला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. तो आदर होता की सूड, ते मला अजून कळलेलं नाही.

देवळापुढं मंडप, भर दुपार, वर तापलेला पत्रा. मी प्लास्टिकचे दुष्परिणाम सांगायला लागलो आणि पाचव्या मिनिटाला पहिल्या रांगेतला एक म्हातारा घोरायला लागला. माझं डोकंच सरकलं. माझ्या वर्गात झोपायची कुणाची टाप नव्हती! आदल्याच दिवशी पेपरात वाचलं होतं की परदेशात कुणी प्लास्टिकच्या कचऱ्यापासून रॉकेटचं इंधन बनवतंय. मी माईक उपसून हातात घेतला आणि ओरडलो, "अरे, तुमच्या वेफर्सच्या पाकिटांवर उद्या रॉकेट उडणार आहे, रॉकेट!"

म्हातारा दचकून उठला. मागं तंबाखू मळणारे हात थांबले. मग काय, मी सुटलोच. प्लास्टिक मुळात जमिनीतल्या तेलातून येतं, ते पुन्हा तेलात बदलता येतं, ते तेल नीट शुद्ध केलं तर पार आभाळात नेतं. इथवर सगळं खरं होतं. पुढं मी "त्या लाइनीत माझ्या ओळखी आहेत" असं म्हणालो, ते खरं नव्हतं.

बायकांमधून एक जण उभी राहिली. साठीची, उन्हानं रापलेली, हातात शेरडं हाकायची काठी.

"मग गुरुजी, गोळा केल्यालं आनून कुटं द्यायचं?"

अंगावर शाल, हातात नारळ, कानात टाळ्या. अशा वेळी माणसाच्या अकलेवर काय भरवसा ठेवायचा? मी माझ्या घरचा पत्ता सांगितला. शहरात सात रस्ता चौकाजवळ, दुसरा मजला, जिना चढल्यावर डाव्या हाताला. डावा हातसुद्धा सांगितला!

तिसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या टेम्पोतून पहिलं पोतं आलं. मग आठवड्याला चार-पाच येऊ लागली. गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या, बियाण्याच्या पिशव्या, ठिबकच्या फुटक्या नळ्या. बाल्कनी भरली, तुळस स्वयंपाकघरात आली, कपडे पंख्याखाली वाळायला लागले.

"लोकांचे नवरे निवृत्त झाल्यावर काशीला जातात," बायको शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "आमचे चंद्रावर निघालेत."

सोसायटीच्या चेअरमननी तर जिन्यात गाठलं. "सर, रॉकेट पार्किंगमध्ये उभं करणार असाल तर आधी अर्ज द्या."

मी भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं एका पोत्यात हात घातला आणि लगेच बाहेर काढला. "नक्को चाचा. ये भंगार नहीं, कचरा है. दोनों में फरक रहता ना!" हा फरक मला चौतीस वर्षांत कुणी शिकवला नव्हता.

खरं सांगतो, मला कचऱ्याची भीती नव्हती. माझ्याकडं दुसरं काही जमलेलं नाही, पण गुरुजी सांगतात ते खरं असतं, एवढी एक गोष्ट आयुष्यभर कमावली होती. आता ती अख्ख्या गावासमोर जाणार होती. गुरुजी थापाड्या निघाले, हे ऐकण्यापेक्षा गुपचूप सगळं घंटागाडीत टाकावं आणि विचारलं तर 'पोचलं' म्हणावं, असं मी ठरवलं. म्हणजे एक थाप झाकायला दुसरी.

त्या सकाळी चार पोती खाली उतरवून मी फाटकाशी घंटागाडीची वाट बघत उभा होतो, तोच रिक्षा थांबली आणि तीच काठीवाली बाई उतरली. डोक्यावर पाचवं पोतं.

"का वो गुरुजी, खाली का काढलं?"

"वर चला अक्का, चहा घेऊ," एवढंच सुचलं.

वर बायकोनं चहा ठेवला आणि कामं सोडून समोर येऊन बसली. तिला हा खेळ चुकवायचा नव्हता. मी दोनदा खाकरलो आणि एका दमात सांगून टाकलं. माझी ओळखबिळख काही नाही, रॉकेट मी पेपरातच बघितलंय, मी तुम्हाला फसवलं, माझं चुकलं.

अक्कानं बशीतला चहा शांतपणे संपवला.

"आवं, ते तर आमाला त्याच दिशी कळलंय की. रॉकेट काय बाल्कनीतनं उडतंय व्हय?"

"मग पोती का पाठवत होता?"

"तुमी घेतो म्हनला म्हनून! पंचायत न्हाय घेत, भंगारवाला न्हाय घेत. एक मानूस पत्ता सांगून घेतो म्हनतोय, त्याला नगं कशाला म्हना?"

बायकोला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी खांदे हलत होते. मला असा राग आला म्हणता! दोन महिने माझी झोप उडाली होती, आणि अख्खं गाव मला उकिरडा समजत होतं.

"पर एक झालं," अक्का म्हणाली, "गाव लई साफ झालं. यंदा माजं एकबी शेरडू गेलं न्हाय."

मग तिनं कमरेची पिशवी सोडली आणि त्यातून कापडात बांधलेलं काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. मुठीएवढा गोळा, दगडासारखा कठीण. नीट बघितल्यावर त्यातलं वेफर्सचं पिवळं पाकीट ओळखू आलं.

"गेल्या साली माजी गाभन शेळी गेली. पोट फुगलं, रवंथ बंद. डाक्टरनं पोट फाडलं तवा ह्ये निगालं. आत दोन करडं व्हती."

बायकोचं हसू थांबलं. बशीवर माशी बसली होती, ती कुणी हाकलली नाही.

"बाकीचं कुटंबी घाला," अक्का उठत म्हणाली, "पर रस्त्याला टाकू नगा. हितंबी शेरडं हिंडत्यात, येताना बघितली म्या. आन रॉकेट कुनाचं उडलंच कदी, तर त्यात ह्ये पयलं घाला. म्हंजी परत याचं न्हाय."

ती गेली. मी खाली जाऊन पाचही पोती एकेक करून वर आणली. जिन्यात दोनदा बसलो, पण घंटागाडीवाल्याला हात लावू दिला नाही.

मग महिनाभर एमआयडीसीत पायपीट केली. शेवटी एक शेड सापडली. तिथं प्लास्टिकचं तेल काढतात आणि ते टॉवेलचं सूत रंगवायच्या कारखान्याच्या बॉयलरला जातं. मालक म्हणाला, "रॉकेटबिकेट नाही हं सर." मी म्हटलं, "टॉवेल रंगले तरी चालतील." आता गावातून टेम्पो थेट तिथं जातो आणि मी ड्रायव्हरशेजारी बसून त्याला रसायनशास्त्र शिकवतो. त्याला उतरून जाता येत नाही.

बाल्कनी मोकळी झाली, तुळस परत गेली. तो गोळा मीही त्या शेडमध्ये देणार होतो, तर बायकोनं तो जुन्या रुमालात बांधून बाल्कनीतल्या खिळ्याला अडकवलेला. एरवी घरात रिकामी बाटली ठेवू देत नाही ती बाई.

"अगं, हे कशाला ठेवलंयस?" मी विचारलं.

"असू दे," ती म्हणाली, "रॉकेटवाल्यांचा फोन आला तर ऐनवेळी सापडायला पाहिजे की."