हाताची गोळी

चिखलीतल्या निदान वीस घरांत आजही कुरडया तळायला काढल्या की जयमालाची आठवण निघते. "तिच्यासारखी पांढरी कुरडई कोणाला जमत नाही," असं बायका म्हणतात. पुढे लगेच "हल्ली ती करत नाही, काय झालं कोण जाणे," असंही म्हणतात. काय झालं ते त्यांतल्या पुष्कळ जणींना माहीत आहे. मला तर सगळ्यात जास्त माहीत आहे, कारण माझं मेडिकल आहे आणि जे झालं ते माझ्याच काउंटरवर झालं.

जयमाला चिखलीपासून सात किलोमीटरवरच्या खेड्यात राहते. माहेर धामणगाव बढ्याचं. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि तोंडाची फटकळ. नवरा गोकुळ दोन एकर सांभाळतो आणि वर्षभर तीही त्याच्याबरोबर शेतात असायची. पण होळी झाली की दोन-अडीच महिने ती आमच्या शहराची. तिची घरं ठरलेली, घरांचे वार ठरलेले. घरच्या बाईनं गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या संध्याकाळी ते वाटून, गाळून, चीक रात्रभर निवळत ठेवायचा, आणि चौथ्या दिवशी तो शिजवायला जयमाला सकाळी सातला दारात.

ज्यांनी चीक हाटला आहे त्यांनाच हे काम काय आहे ते कळेल. उकळत्या पाण्यात तो ओतताना एक बाई ओतायला लागते आणि एक हाटायला. हात जरा थांबला की गुठळी झाली आणि पातेलंभर चीक वाया. जयमाला एकटी दोन्ही करायची. डाव्या हातानं धार, उजव्या हातात लाकडी चाटू, आणि तोंडानं त्या घरच्या गव्हाची निंदा चालूच. मग गरमागरम चीक सोऱ्यात भरायचा आणि गच्चीवर उन्हात दीड-दोनशे कुरडया एका दमात घालायच्या. वीस वर्षं तिनं हे केलं. माझ्याही घरी तीच यायची. एकदा मला म्हणाली, "प्रेमभाऊ, तुमच्या मेडिकलात एवढ्या गोळ्या, अन् तुमचं पोट काऊन कमी होत नाही?" दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती.

चाळिशी यायच्या आतच तिची बोटं सुजायला लागली. सकाळी मूठ वळेना, भाकरी थापता येईना. तीन वर्षं तिनं लेप लावले, तेलं चोळली, कोणी सांगेल तो पाला बांधला. शेवटी बुलढाण्याच्या एका डॉक्टरांनी तपासण्या करून संधिवात सांगितला आणि गोळी लावून दिली. गोळी मूळची मलेरियाची, पण या संधिवातावरही देतात. रोज एक, न चुकता, बहुधा जन्मभर. सहा महिन्यांत तिची बोटं मोकळी झाली. ज्या दिवशी पहिल्यांदा सोऱ्या पुन्हा फिरवला त्या दिवशी ती मुद्दाम दुकानात येऊन दोन्ही पंजे माझ्यासमोर उघडून-मिटून दाखवून गेली.

गोळीचं नाव तिला कधी घेता आलं नाही. ती "हाताची गोळी" म्हणायची. एक तारखेला यायची, रिकामी स्ट्रिप पिशवीतून काढून काउंटरवर ठेवायची आणि तीन स्ट्रिप घेऊन जायची. माझ्याकडे ती गोळी मागणारं दुसरं कोणी नव्हतं. म्हणून मी तिच्यापुरत्या सहा स्ट्रिप मागवून ठेवायचो. दोन महिन्यांची बेगमी. गोळी तिची, फळी माझी, इतकंच.

दोन हजार वीसच्या होळीनंतर दहा-बारा दिवसांनी ती शैलजाताईंकडे चीक हाटत होती. शैलजाताई म्हणजे लक्ष्मीकांतरावांच्या पत्नी. लक्ष्मीकांतराव सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, माझ्या दुकानाच्या मागच्याच गल्लीत राहणारे, चौकात चार माणसं ज्यांचं ऐकतात असे. त्यांच्या हॉलमधल्या टीव्हीवर दिवसभर त्या साथीच्या बातम्या. एका बातमीत सांगत होते की अमुक एक गोळी या रोगावर चालेल म्हणतात, आणि पडद्यावर स्ट्रिपचं चित्र दाखवलं. जयमाला स्वयंपाकघराच्या दारात पाणी प्यायला आली होती. तिनं ते चित्र पाहिलं आणि ओरडलीच, "अवं ताई, हे तं माही गोळी हाये!" आणि पिशवीतून स्ट्रिप काढून टीव्हीशेजारी धरून दाखवली.

हे तिनंच मला त्या दुपारी सांगितलं, हसत हसत. "भाऊ, माही गोळी टीव्हीवर आली! शैलजाताईनं तं फोटोच काढून घेतला तिचा. मी म्हटलं, प्रेमभाऊच्या मेडिकलात भेटते." जन्मात पहिल्यांदा तिच्याजवळची एक वस्तू मोठ्या घरातल्या बाईला हवीशी वाटली होती. त्याचा तिला केवढा आनंद. तीन स्ट्रिप घ्यायला एक तारखेला येते म्हणाली आणि जीप पकडायला गेली.

लक्ष्मीकांतराव संध्याकाळी पाचला आले.

त्या दिवसांत गावाचं काय झालं होतं ते आठवलं की मला अजून चीड येते. समोरच्या किराण्यातलं मीठ दुपारपर्यंत संपलं. मीठ! त्या रोगात मिठाचं काय काम होतं ते आजवर मला कोणी सांगितलेलं नाही. घरात दोन माणसं असलेला एक गृहस्थ माझ्याकडून सॅनिटायझरच्या बारा बाटल्या घेऊन गेला. तेलाचे डबे, साखर, साबण, कापूर, जे दिसेल ते उचललं जात होतं. उचलणारे सगळे शिकलेले, महिन्याच्या महिन्याला पगार किंवा पेन्शन येणारे. ज्यांना रोजचं रोज आणावं लागतं ते संध्याकाळी पिशवी घेऊन आले तेव्हा फळ्या रिकाम्या होत्या.

लक्ष्मीकांतरावांच्या हातात चिठ्ठी होती. पुतण्या डॉक्टर, त्यानं फोनवरूनच पाठवलेली. "किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"सहा. पण त्या जयमालाच्या आहेत, काका. तिची रोजची गोळी आहे."

"अहो, तिला संधिवात. त्यानं माणूस मरत नाही," ते शांतपणे म्हणाले. "इथं जिवाचा प्रश्न आहे. आणि तुमचा माल परवा येईलच की."

माल परवा येईल असं मलाही वाटलं. म्हणजे वाटलं असं मी ठरवलं. चार स्ट्रिप मी त्यांना दिल्या. चिठ्ठी होती, बिल केलं, कायद्यानं माझं काही चुकलं नाही. हे वाक्य मी नंतर स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं की ते मला पाठ झालं. पण सहातल्या चार गेल्या तर दोन उरायला हव्यात ना? त्या दोन मी त्याच संध्याकाळी शर्टाच्या खिशात घालून घरी नेल्या. त्यांची चिठ्ठी नव्हती. बायको पुष्पांजलीच्या हातात दिल्या आणि सांगितलं, "अर्पितासाठी ठेव." अर्पिता आमची मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची, ठणठणीत. पुष्पांजलीनं त्या देवघरावरच्या फडताळात ठेवल्या.

लक्ष्मीकांतरावांना शिव्या घालणं सोपं आहे. मी त्या भरपूर घातल्यात. पण त्यांच्याकडे निदान धिटाई होती, काउंटरवर उभं राहून मागायची.

तीन-चार दिवसांत सगळं बंद झालं. महिनाअखेरीला गोकुळ सायकलवरून आला, नाक्यावरचे पोलीस चुकवून शेतातल्या वाटेनं, तोंडाला दुपट्टा गुंडाळून. "तिची हाताची गोळी द्या."

"माल नाही गोकुळ. अकोल्याहून येतच नाही."

"एक बी पाकीट नाही?"

"नाही."

त्यानं मान हलवली. मेडिकलवाल्यानं नाही म्हटलं म्हणजे नाही. शंका घ्यायची त्याला सवयच नव्हती.

घरी येऊन मी पुष्पांजलीला म्हटलं, "जयमालाचा नवरा आला होता. त्या दोन देऊन टाकू का?" ती म्हणाली, "अन् अर्पिताले काही झालं तं मंग कोठून आनसान?" मी जेवायला बसलो. तिच्या माथी मारायला हे बरं आहे. पण खरं सांगायचं तर ती हेच म्हणेल हे मला ठाऊक होतं आणि म्हणूनच मी तिला विचारलं होतं. द्यायच्याच असत्या तर फडताळ काही तिच्या एकटीच्या हाताचं नव्हतं.

आणि पुढच्याच महिन्यात शहरानं जयमालाकडे दुप्पट काम धाडलं. पुढे काही मिळणार नाही, भरून ठेवा, अशी हवा होती. एरवी पाच किलो गव्हाच्या कुरडया करणाऱ्या घरांनी दहा-दहा किलो गहू भाजीच्या ऑटोतून तिच्या खेड्यात पोचवला. तिला शहरात येता येत नव्हतं, म्हणून तिच्याच अंगणात कर म्हणाले. शैलजाताईंचे पंधरा किलो होते. जयमालानं कोणालाही नाही म्हटलं नाही, वीस वर्षांची घरं होती. गोळी नाही आणि काम दुप्पट. गोकुळ भिजवायला, वाटायला मदत करायचा, पण हाटायचं आणि सोऱ्या फिरवायचा तिलाच. सुजलेल्या बोटांना फडकं गुंडाळून तिनं ते केलं. कुरडया वेळेवर पोचल्या. माझ्याही घरी आल्या, नेहमीसारख्याच पांढऱ्या. आम्ही खाल्ल्या.

मे महिन्यात ती स्वतः आली, गोकुळच्या सायकलवर मागे बसून. हात पदराखाली. नेहमीची थट्टा नाही, काही नाही.

"भाऊ, दुसरी कोन्ती चालंल का? रात-रात झोप नाही."

मी दुखण्याची गोळी दिली. ती माझ्याकडे ढिगानं होती. त्या गोळीनं पोटात आग पडते हेही मला माहीत होतं, म्हणून ॲसिडिटीचीही दिली. माझ्या घरापासून दुकान दोनशे पावलांवर आहे. दोनशे पावलं जाऊन यायला किती वेळ लागतो? ती सावलीला बसून पाणी पीत होती, गोकुळ चाकात हवा भरत होता. मी गेलो असतो आणि आलोही असतो. मी काउंटर पुसत उभा राहिलो.

पावसाळा लागला तेव्हा टीव्हीवरच सांगायला लागले की त्या रोगावर ही गोळी काही कामाची दिसत नाही. दुसऱ्याच दिवशी लक्ष्मीकांतराव चार स्ट्रिप घेऊन हजर. "मुदत लांब आहे, परत घ्यायला हरकत नसावी." चारही जशाच्या तशा होत्या, एक गोळी काढलेली नाही. घरी गेलो तर पुष्पांजलीनं आमच्या दोन आपणहून फडताळातून काढून टेबलावर ठेवल्या होत्या. "आता ह्या काय करायच्या?" म्हणाली. त्याही तशाच. सहाच्या सहा स्ट्रिप अडीच-तीन महिने दोन घरांत पडून होत्या आणि कोणाचं डोकंसुद्धा दुखलं नव्हतं.

मी सहाही घेतल्या आणि स्कूटरवरून तिच्या खेड्यात गेलो. त्याआधी आठच दिवस गोकुळनं तिला बुलढाण्याला नेऊन आणलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, गोळी मिळाली की सुरू करा, दुखणं कमी होईल, पण बोटं आता सरळ होणं कठीण.

ती अंगणात बसली होती. मला पाहून उठायला लागली, मी बस म्हटलं. उजव्या हाताची बोटं आत वळून तळव्याला टेकली होती, डाव्याची बाहेरच्या बाजूला कललेली. मी तिच्यासमोर बाजेवर सहा स्ट्रिप ठेवल्या.

"आली वाटते," ती म्हणाली.

"हो. आजच माल आला."

"एक काढून देता का? मले काढता येत नाही आता."

मी एक गोळी दाबून बाहेर काढली. ती कुठं ठेवावी ते मला कळेना, तिनं तोंड उघडलं. मी गोळी तिच्या जिभेवर ठेवली, गोकुळनं तांब्या तोंडाला लावला. घोट गिळून ती म्हणाली, "मीच तेवढी पागल, भाऊ. शैलजाताईले नाव दाखवलं. तवाच लोकाइनं उचलली असंल. माहीच चूक."

मला तेव्हा बोलता आलं असतं. गोकुळ ऐकत होता, ती ऐकत होती, रस्त्यावर कोणी नव्हतं. मी म्हणालो, "तुझी काही चूक नाही," आणि गाडीची किल्ली शोधायला लागलो.

"थांबा," ती म्हणाली. वळलेल्या बोटांनी स्ट्रिप उचलता येईना, म्हणून मनगटानं लोटत लोटत तिनं एक स्ट्रिप बाजेच्या काठापर्यंत माझ्याकडे आणली. "हे घरी ठेवा. पोरगी हाये तुमच्या घरी, पुन्हा तसं काही आलं तं कोठून आनसान? मले पाच पुरतात. अन् शैलजाताईले बी इचारा, बिचाऱ्या लय भेल्या होत्या."

नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं. मी ती स्ट्रिप खिशात घातली आणि गाडीला किक मारली.