मृणालने दाखवलेला आवाज

मृणाल गेल्याचा निरोप कॉलेजच्या स्टाफ ग्रुपवर आला, तेव्हा मी मंडईत भाजी घेत होते. निरोपाखाली जोडलेले हात भराभर उमटू लागले. त्यांत पहिले हात आमच्या संचालकांचे होते... मी फोन पिशवीत टाकला.

वाघोलीच्या आमच्या कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकवायची, मी इलेक्ट्रॉनिक्स. फिजिओथेरपीच्या अल्ट्रासाउंड यंत्राने तिच्या आईचा गुडघा भाजला, तेव्हापासून तिने हा विषय धरला. कानाला ऐकू न येणारा तो ध्वनी पाण्यातून गेला की पाणी कुठे दाट, कुठे विरळ होतं आणि त्यातून जाणारा प्रकाश किंचित वळतो. तेवढं वळणं मोठ्या आरशांनी टिपून तिने ध्वनीचा अख्खा झोत पडद्यावर उमटवला. पहिल्यांदा जमलं तेव्हा मला हाताला धरून घेऊन गेली. काळोखात रुपेरी पट्टे थरथरत होते. "बघ, आवाज असा दिसतो," एवढंच म्हणाली.

मग एका कंपनीने नवं यंत्र तपासायला पाठवलं. हीच कंपनी कॉलेजला इमारत बांधून देणार होती. यंत्राचा झोत सारखा पसरण्याऐवजी एका कडेला गोळा होत होता. तिथे रुग्णाची कातडी भाजणार हे उघड होतं. मृणालने तसा अहवाल दिला. तपासताना मी सोबत होते, म्हणून संचालकांनी आम्हा दोघींना बोलावून घेतलं.

"मॅडम, दिसलं ते सगळंच लिहायचं नसतं."

"मग तपासायचं कशाला? यंत्राला ओवाळूनच परत पाठवा," मृणाल म्हणाली.

दुसऱ्याच कुणाच्या सहीने यंत्र पास झालं. सुट्टीत तिची प्रयोगशाळा रिकामी केली गेली, आरसे भंगारात गेले. ती पहिल्या वर्षाचे तास घेत राहिली, पण स्टाफरूममध्ये बसणं तिने सोडलं.

तिचा आजार सोनोग्राफीत कळला. खडकीला तिच्या घरी गेले, तेव्हा तिने शांतपणे सांगितलं की डॉक्टर पडद्याकडे बघत होते आणि ती डॉक्टरांकडे. त्यांनी बोलायची गरजच उरली नाही.

शोकसभेत संचालकांनी प्रयोगशाळेला तिचं नाव देण्याची घोषणा केली. कुठल्या प्रयोगशाळेला, हे कुणी विचारलं नाही. टाळ्या मात्र वाजल्या... शोकसभेत!

तिच्या प्रयोगशाळेच्या खोलीत आता प्लेसमेंटचं ऑफिस आहे. बाहेरचा उजेड येऊ नये म्हणून तिने खिडक्यांच्या काचांना काळा रंग दिला होता. तो अजून निघालेला नाही, त्यामुळे तिथे भर दुपारी दिवे लावावे लागतात. परवा संचालकांनी मला विचारलं, हा रंग कशाने जाईल?

मला माहीत आहे. मी सांगितलं नाही.